सुतकातल्या तिघी

त्या वर्षी खंडेनवमी रविवारी आली, त्यामुळे बाबांना कारखान्यात रजा टाकावी लागली नाही आणि आईला कुरकुर करायला एक कारण कमी पडलं. बाकीची कारणं तिच्याजवळ शाबूत होती. त्यातली मुख्य तीन बैठकीच्या खोलीत, पाटांवर अंथरलेल्या धुतल्या धोतरावर शेजारी शेजारी आडवी झाली होती. पंधरा सालची थोरली, एक्केचाळीसची मधली आणि त्रेचाळीसची धाकटी. तिघी जर्मन, तिघी नेमबाजांच्या रायफली, तिघींच्या डोक्यावर दुर्बीण. आई त्यांना 'त्या तिघी' म्हणायची आणि म्हणताना सवतींसाठी राखून ठेवलेला सूर लावायची.

"लाकडावर नको, लतिका! लाकडावर नको!" बाबा ओरडले.

आईचं कुंकवाचं बोट हवेत थांबलं. "मग कुठे लावू? यांचं कपाळ कुठलं ते तरी सांगा."

"मूळचं पॉलिश आहे ते. नव्वद वर्षं टिकलंय."

"बरं. लोखंडावर लावते."

"लोखंडावर तर मुळीच नको! हळदीचा डाग बसला की गेलाच तो निळा रंग."

"पूजेला बसवायचं आणि हळदकुंकू लावायचं नाही. तुम्ही लग्नात मला तरी कसं लावू दिलंत कोण जाणे."

सोफ्याच्या कोपऱ्यात जाडजूड कादंबरी घेऊन बसलेल्या सुमेधाने मान वर केली नाही. हे भांडण दर खंडेनवमीला होई आणि दरवेळी एकाच जागी मिटे. आताही आईने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि बाबांनी मोठ्या मनाने सांगितलं, "पट्ट्यावर लाव. पट्टे नवे आहेत." मग तिघींच्या चामडी पट्ट्यांवर एकेक लाल टिकली चिकटली, हेगच्या बाजारातून आणलेली झेंडूची फुलं वाहिली गेली, आणि सुमेधाचा नवरा विवेक, जो या खोलीत आला की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा, त्याने बसल्या जागेवरूनच नमस्कार केला.

बाबा नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या एका कारखान्यात भिंगं करायचे. पुण्याहून त्र्याऐंशी साली त्यासाठीच आले होते. बंदुकीने त्यांना कधी मोह घातला नाही, मोह घातला तो वरच्या काचेने. "ज्यांच्यासाठी केली ते लोक वाईटच," ते म्हणायचे, "पण घासणाऱ्याचा हात बघ. कडेपर्यंत चित्र सरळ!" हे ते घरात म्हणायचे. बाहेर नाही, कारण घर होतं रायस्वाइकला, आणि त्या गल्लीत युद्धात जर्मनांनी लहानपणीच्या सायकली नेल्याचं आठवणारी म्हातारी माणसं अजून होती. आणि आईने तर मराठी मंडळात नि पुण्याच्या घरी वर्षानुवर्षं एकच सांगितलं होतं : हे जुन्या जर्मन दुर्बिणी जमवतात. खोटं नव्हतं ते. खालचा भाग ती वगळायची, इतकंच.

एरवी रविवारी बाबा एक सुटी दुर्बीण घेऊन माळ्यावर जात. खिडकीत पुस्तकांची चळत रचून त्यावर ती ठेवत आणि हाक मारत, "सुमे, ये. चर्चच्या घड्याळावर कावळा बसलाय." सुमेधा युट्रेख्टहून आगगाडीने यायची ती आईच्या हातचं जेवायला, असा घरात समज होता. हाक आली की ती हातातल्या पुस्तकासकट वर जायची. तासभर दोघं बसायची. त्यात बोलणं होई ते बहुतेक कावळ्याविषयी.

पूजा झाल्यावर बाबांनी गुडघे धरून उठता उठता विचारलं, "तुझा भाऊ म्हणतो, देऊन टाका. तुझी आई म्हणते, समुद्रात टाका. तुझं काय म्हणणं? माझ्यामागे कुणी ठेवायच्या यांना?"

"बघू की, बाबा. आताच काय," सुमेधा म्हणाली आणि पान उलटलं.

"खरंय. आताच काय," बाबा म्हणाले, आणि साखरभात किती आहे ते बघायला स्वयंपाकघरात गेले.

दसऱ्याच्या सकाळी ते बागेत निघाले. आपट्याची पानं मिळत नाहीत, म्हणून ते कुंपणाच्या बीच झाडांची पानं सोनं म्हणून वाटायचे. बूट घालायला पायरीवर बसले. आईने चहासाठी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ती रागावून बाहेर गेली.

* * *

अंत्यसंस्काराला शुक्रवार मिळाला. इथे त्यालाही वेळ घ्यावी लागते. तोवर घरात माणसं येत राहिली, आणि घराच्या मध्यभागी तिघी होत्या तिथेच होत्या.

मोठ्या मुलीच्या नात्याने हा पेच सुमेधाने पहिल्याच संध्याकाळी ओळखला होता, पण तो मांडला तिच्या धाकट्या भावाने, जयेशने. जयेश झुइडासच्या काचेच्या मनोऱ्यांतल्या एका बँकेत होता आणि कुठलीही गोष्ट मांडताना बोटं मोजायचा.

"आई, लिसन. या कपाटात लॉक्ड पाहिजेत. कायदा आहे तो. बाबांनी एक रात्र बाहेर ठेवल्या, फाइन. आता उचलूया."

"उत्तरपूजा झाल्याशिवाय उचलायच्या नाहीत," आई म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता, मुद्दा बसला नव्हता.

"मग करूया उत्तरपूजा."

"सुतकात पूजा करतात का?"

"मग सुतक संपेपर्यंत?"

"राहतील. त्यांना काय ऊन लागतंय?"

"आई, पोलिसांनी पाहिलं तर? बँकेत माझं स्क्रीनिंग असतं!"

"मग बँकेला कळव घरी सुतक आहे म्हणून."

जयेशने सुमेधाकडे पाहिलं. सुमेधाने रिकामे कप गोळा केले. ज्यांच्याशिवाय गोळी उडत नाही ते बोल्ट वरच्या पेटीत कुलपात होते, गोळी तर या घरात कधी आलीच नव्हती. कुणाला धोका नव्हता. आणि खरं सांगायचं तर फुलं बाबांनी वाहिली होती, ती इतक्यात निघावीत असं तिलाही वाटत नव्हतं.

मग आईने तिघींवर सोलापुरी चादर घातली आणि रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीचे पडदे ओढले. त्या गल्लीत पडदे कुणी ओढत नसे. ओढले की घरात कुणी गेलं, असं शेजारी समजत. त्यामुळे ते सगळं फार शोभून दिसलं. शेजारच्या आजी केक घेऊन आल्या, आईचा हात हातात घेऊन बसल्या आणि केकची बशी ठेवायला जागा शोधत त्यांनी ती नेमकी एक्केचाळीसच्या मधलीवर ठेवली. लहानपणी याच जर्मनांनी त्यांची सायकल नेली होती. जयेश डोळे मिटून भिंतीला टेकला. विवेक म्हणाला, "कॉफी करतो." त्या आठवड्यात विवेकने एवढी कॉफी केली की घरातले सगळे कप ओलेच असत.

दीनानाथकाका गुरुवारी पोचले. बाबांचे धाकटे भाऊ, पुण्याच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून नुकतेच निवृत्त झालेले. निवृत्ती शाळेने मानली होती, त्यांनी नाही. दारातच ते आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडले, मग डोळे पुसून त्यांनी खोलीची पाहणी केली. पाट, धोतर, चादरीच्या कडेने डोकावणारे सुकलेले झेंडू. त्यांनी लांबूनच हात जोडले.

"परदेशात राहून कुळाचार राखलात, वहिनी. रवीदादाचं भाग्य."

"हो, भाऊजी," आई क्षीण आवाजात म्हणाली.

"आणि त्याच्या दुर्बिणी? मी आमच्या शाळेत कितीदा सांगितलंय, माझा भाऊ नेदरलँड्समध्ये आकाशाचा अभ्यास करतो."

"त्या... माळ्यावर असतात."

त्यानंतर काका रोज सकाळी अंघोळ करून आले की चादरीला लांबून नमस्कार करायचे. एकदा त्यांनी जयेशलाही करायला लावला.

विम सोमवारी आला. निवृत्त दंतवैद्य, संग्राहकांच्या क्लबातला बाबांचा मित्र. दोघांची मैत्री एका स्क्रूच्या वादावरून जुळली होती. त्याने सुमेधाला बागेत बाजूला घेतलं. परवाने तपासणाऱ्या पोलीस विभागाने त्याला फोन केला होता. उद्या अकराला येतील. वारसांपैकी कुणी स्वतः परवाना काढणार असेल तर तोवर तिघी त्याच्या कपाटात मोहोरबंद राहू शकतील. तसं त्याने विचारून ठेवलं होतं.

"आणि कुणी काढणार नसेल तर?"

"मग पोलीस त्या घेऊन जातील आणि वितळवतील," विम म्हणाला. "काचासुद्धा. मला माफ कर."

"नाही नाही. सांगितलंस ते बरं झालं," सुमेधा म्हणाली. आत जाऊन तिने आधीच धुतलेला एक कप पुन्हा बराच वेळ धुतला. ती रडली नव्हती. घाटावर... इथे घाट नव्हता, ओक लाकडाच्या बाकांची एक स्वच्छ खोली होती, तिथेही नाही. सगळे म्हणत होते सुमेधा किती खंबीर. तिला त्या तिघी हव्या होत्या. इतक्या हव्या होत्या की तिलाच नवल वाटलं. पण 'मला हवं' हे वाक्य तिने शेवटचं कधी उच्चारलं होतं ते तिला आठवेना.

* * *

मंगळवारी सकाळी जयेशचा धीर सुटला. आई वर पडली होती तेवढ्यात त्याने चादर ओढली आणि थोरलीला हात घालणार, तोच जिन्यावरून आवाज आला.

"जया, तुझ्या बापाने बसवलेली पूजा आहे ती!"

आई तरातरा खाली आली आणि पाटापुढे उभी राहिली. न्हाणीघराचं दार उघडलं. पंचा गुंडाळलेले दीनानाथकाका सवयीने हात जोडत बाहेर आले आणि हात जोडलेलेच राहिले.

जयेशने चादर परत ओढायला धरली, पण तिच्यावर आईचा पाय होता.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"दुर्बिणी," आई म्हणाली.

"वहिनी, दुर्बिणीला घोडा असतो?"

"वरती बघा ना, भाऊजी. वरती दुर्बीणच आहे."

काकांनी चष्मा लावला. वरती पाहिलं, खालती पाहिलं, टिकल्या पाहिल्या. "म्हणजे मी आल्यापासून रोज सोवळ्याने बंदुकांना नमस्कार करतोय?"

"शस्त्रपूजा आहे, काका," सुमेधा म्हणाली. "नमस्कार योग्य जागीच पोचलाय."

"आणि मी शाळेत सांगितलं आकाशाचा अभ्यास!"

"डोळा लावला तर आकाश दिसतं त्यातून," विवेक स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला आणि आत पळाला.

काका खुर्चीत बसले. रागावायचं की रडायचं हे ठरेना म्हणून त्यांनी तिसरा, ओळखीचा मार्ग धरला : चौकशी सुरू केली. कोण येणार, किती वाजता, अडचण नेमकी कुठे. जयेशने बोटं मोजत सांगितलं. कायदा म्हणतो आत ठेवा. पूजा म्हणते हलवू नका. सुतक म्हणतं पूजा सोडवू नका.

"अरे, मग शास्त्राला विचारा!" काका म्हणाले. "माणसाने केलेल्या अडचणीला वाट असतेच. फोन कुठाय?"

कॉलिंग कार्डावरचा लांबलचक नंबर दाबून पुण्याचे गुरुजी मिळाले तेव्हा ते जेवत होते. काकांनी स्पीकर लावला.

"कुठली शस्त्रं?" घास गिळत गुरुजींनी विचारलं. "तलवार आहे का?"

"त्याच प्रकारातली," काका म्हणाले.

"घरात कोण कोण आहे?"

"वहिनी, मुलगा, मी, लग्न झालेली मुलगी आणि जावई."

"मग कसली चिंता करता? तुम्हाला दहा दिवस. लग्न झालेल्या मुलीला तीनच. तिचं केव्हाच फिटलं. ती दुसऱ्या घरची. तिने अक्षता वाहाव्यात, पुन्हा या म्हणावं, उत्तरेकडे जरा सरकवावं. झालं. जावयाने केली तरी चालेल."

फोन ठेवला गेला. सगळ्यांनी विवेककडे पाहिलं.

"मी?" विवेकने किटली खाली ठेवली. "मला पण सुतक आहे. म्हणजे, मनाने आहे."

"मनाचं धरत नाहीत," काका म्हणाले. "जावईबापू, बंदुकीचं काम आहे, पुरुषाच्या हातून व्हावं."

"काका, मी जत्रेत फुगेसुद्धा फोडलेले नाहीत."

"आई, सांग ना काहीतरी," जयेश म्हणाला. "विवेक करेल. पाच मिनिटांत मोकळे होऊ. मग ते लोक घेऊन जातील, संपलं."

आईने जयेशकडे पाहिलं, मग विवेककडे. आठ दिवस ती जयेशच्या विरोधात उभी होती. आता एकाएकी ती दमली. "करा काय करायचं ते. संपवा एकदाचं," ती म्हणाली.

सुमेधाला वाटलं आता बोलावं. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. अकरा म्हणजे अकरा.

पोलीस विभागाच्या मेव्राउ दे ग्राफ, म्हणजे दे ग्राफबाई, दारातून वाकून आत आल्या, इतक्या त्या उंच होत्या. मागे विम, हातात टोपी. बाईंनी आधी सगळ्यांशी हात मिळवून दुःख व्यक्त केलं, मग पाटांकडे पाहिलं. तीन रायफली, तांदूळ, वाळलेली फुलं, लाल टिकल्या.

"या खुणा नोंदणीच्या आहेत का?" त्यांनी विमला डचमध्ये विचारलं.

"नाही," विम गंभीरपणे म्हणाला. "या सौंदर्याच्या आहेत."

"कपाटात का नाहीत?"

जयेशने समजवायला सुरुवात केली. धार्मिक विलगीकरण, असा काहीसा शब्द त्याने सुतकाला शोधला. ते परवा संपेल. बाईंनी मान हलवली, परवापर्यंत चालणार नाही. मग जयेश म्हणाला की त्याची बहीण आताच मोकळी आहे.

"ती कशी?"

"तिचं लग्न झालंय. तिला या घरात मोजत नाहीत."

मेव्राउ दे ग्राफ यांच्या भुवया वर गेल्या. त्या सुमेधाकडे वळल्या. "असं?"

"असं," सुमेधा म्हणाली. "आज पहिल्यांदाच त्याचा उपयोग होतोय." आणि मग, कुणी विवेकचं नाव घ्यायच्या आत ती पाटापुढे जाऊन बसली.

काकांनी तोंड उघडलं, पण तिने हात पुढे केला तेव्हा त्यांनी मुकाट अक्षतांची वाटी दिली. "आता उत्तरेला सरकव," ते म्हणाले. "उत्तर कुठाय इथे?"

आई खिडकीकडे बोट दाखवू लागली, जयेश जिन्याकडे. विम खिसे चाचपत होकायंत्र शोधू लागला. काय चाललंय ते विमने बाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "उत्तरेला लायडन, तिकडे," आणि पोलिसी हाताने स्वयंपाकघराची दिशा दाखवली. तिथे विवेक उभा होता. तो बाजूला झाला.

सुमेधाने थोरलीवर अक्षता वाहिल्या. "पुन्हा या," ती म्हणाली आणि लायडनकडे बोटभर सरकवली. मधलीला म्हणाली. धाकटीला म्हणताना आवाज निघेना, तेव्हा ती थांबली, आणि निघाला तेव्हा म्हणाली. आईने पदर तोंडाला लावला.

पुढचं काम झटपट झालं. बाईंनी क्रमांक तपासले. बाहेर ठेवल्याबद्दल त्या काही कठोर बोलणार असं वाटत होतं, पण त्यांनी फक्त "पुन्हा असं होऊ नये" म्हटलं. ज्यांच्याकडून होण्यासारखं होतं ते बाबाच आता नव्हते, हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं.

"वारसांपैकी परवान्यासाठी कुणी अर्ज करणार?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही," जयेश म्हणाला.

"नाही," आई म्हणाली. "न्या म्हणावं."

"मी करणार आहे," सुमेधा म्हणाली.

"तू?" आई आणि जयेश एकदम म्हणाले, त्या आठवड्यात प्रथमच एका सुरात. "ताई, क्लब जॉइन करावा लागतो, परीक्षा असते, वर्ष जाईल," जयेशची बोटं पुन्हा निघाली. "सुमे, तू काय करणार त्यांचं?" आई म्हणाली. "तुझं घर ते केवढं! पुस्तकांनी आधीच भरलंय." विवेकने दोन्ही हात मांडीखाली घ्यायला जागा शोधली, मिळाली नाही, मग तो म्हणाला, "कपाट बसेल. मी माप घेईन. लांबून."

मेव्राउ दे ग्राफ यांना भाषा कळत नव्हती, पण घरातलं भांडण कळत होतं. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मला कारण विचारावं लागतं. लोक मला दोनच सांगतात, इतिहासाची आवड किंवा गुंतवणूक. तुमचं कुठलं?"

सुमेधाने डचमध्ये उत्तर दिलं. छोटंसं वाक्य होतं, ऑफिसात आकडे सांगावेत तसं ती ते सांगून गेली. विमने टोपीकडे पाहिलं. बाईंनी पेन उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"काय म्हणाली?" काकांनी विचारलं. "जयेश, काय म्हणाली ही?"

काका आल्यापासून जयेशने त्यांना सगळं भाषांतर करून सांगितलं होतं, आजींच्या केकची कृतीसुद्धा. आता त्याने नाक ओढलं. त्याचे डोळे भरले होते. "ताई, तूच सांग," तो म्हणाला.

सुमेधाने आईकडे पाहिलं. डच तिला नोकरीने शिकवलं होतं, त्यात काहीही बोलता यायचं. मराठीत हे वाक्य तिने पुस्तकांतून किती वेळा वाचलं होतं, कुणाकुणाच्या तोंडी. या घरात ते कुणी कुणाला म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. तिला शब्द जुळवावे लागले, जणू भाषा नवीन होती.

"मी म्हणाले," ती म्हणाली, आणि या वेळी थांबली नाही, "मला बाबा आवडायचे, काका. फार आवडायचे."